सल्लागार समितीच्या सदस्यांची हजेरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या सल्लागार समितीत मी दोन टर्म होतो, त्यातली एक टर्म सचिवाचं काम केलं, म्हणजे हजेरी रजिस्टर माझ्याच हाती होतं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून फोन येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. कोणाचा कोरम (मीटिंग धरायला लागणारी कमीत कमी हजेरी) होत नाही, कोणाच्या समितीत सह्या आहेत पण माणसं नाहीत, कोणाला एका सदस्याला काढायचंय. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथं नंबर दिलाय, तो बघा.

1. सल्लागार समिती तर फक्त सल्ला देते, तिला हजेरीचा नियम लागतोच कशाला?

कारण सल्ला कोणाचा आहे हे हजेरीवरूनच कळतं. तेरा जणांची समिती, त्यातले चार जण बसून नळयोजनेची लाईन कोणत्या गल्लीतून न्यायची ते सांगून राहिले, आणि ते चारही एकाच गल्लीतले, तर तो गावाचा सल्ला कसा म्हणायचा? ग्रामपंचायत उद्या ठरावात लिहिते की "समितीच्या शिफारशीनुसार", आणि जे आलेच नाहीत त्यांचंही नाव त्याला लागतं. नियम नसला की सहा महिन्यांत समिती दोन-तीन माणसांची होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

2. कायद्यात आधीच नियम असेल ना, आपण वेगळा कशाला करायचा?

समिती कोणती आहे त्यावर आहे. ग्रामपंचायतीच्या निवडून आलेल्या सदस्यांसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 मध्ये कलम 40 आहे. पंचायतीनं रजा दिलेली नसताना सदस्य लागोपाठ 4 महिन्यांपेक्षा जास्त गावाबाहेर राहिला, किंवा परवानगीशिवाय लागोपाठ 6 महिने पंचायतीच्या सभांना आला नाही, तर त्याचं पद रिकामं होतं. ग्रामसभेचा कोरम ठरलेला आहे, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 लोक, यातलं जे कमी असेल ते. वनहक्काच्या दाव्यांसाठी जी ग्रामसभा बसते तिचा कोरम निम्म्या लोकांचा आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत, हे आपल्या गडचिरोली, मेळघाटातल्या गावांना चांगलं माहीत आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि तिची मीटिंग महिन्याला घ्यायची असते.

कायद्यानं किंवा जीआरनं बनलेली समिती असेल तर आधी तो कागद काढून वाचा, त्याच्या विरोधात जाणारा नियम करता येत नाही. पण ग्रामपंचायतीनं स्वतःच्या ठरावानं पाण्यासाठी, शेतीसाठी, बाजारासाठी सल्लागार समिती बसवली असेल तर तिथं हजेरीचं कोणी काही लिहिलेलं नसतं. तिथं आपणच लिहायचं. खालची सगळी उत्तरं अशा समितीसाठीच आहेत.

3. मग हा नियम समितीनं करायचा की ग्रामपंचायतीनं?

मसुदा समितीनं करावा, मंजुरी ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत घ्यावी. ज्यानं नेमलं त्यालाच काढायचा अधिकार, हे साधं गणित आहे. समितीनं आपसात ठरवून कोणाला काढलं आणि तो भांडायला आला की कागद टिकत नाही. ठरावाला सूचक-अनुमोदक, प्रोसिडिंगमध्ये (सभेचं इतिवृत्त) नोंद, आणि नियमाची प्रत प्रत्येक सदस्याला हातात देऊन सही घ्या. ग्रामसेवकांना (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात) मसुदा आधीच दाखवा, ऐन सभेत नाही.

4. नियमात काय काय लिहायचं? नमुना मिळेल का?

मोठं करू नका. एका पानात बसलं पाहिजे आणि वाचून दाखवलं की सगळ्यांना कळलं पाहिजे. आमचा होता तो असा:

"समितीची बैठक महिन्यातून एकदा होईल. दिवस व वेळ आधीच्या बैठकीत ठरेल. नोटीस किमान 3 दिवस आधी दिली जाईल. जो सदस्य आधी न कळवता लागोपाठ 3 बैठकांना किंवा वर्षभरात 5 बैठकांना येणार नाही, त्याला लेखी विचारणा केली जाईल. त्यानं 15 दिवसांत आपलं म्हणणं द्यावं. त्यानंतर समिती ग्रामपंचायतीकडे शिफारस करेल."

सहा-सात वाक्यांत काम झालं. यात "आधी न कळवता" हे शब्द सोडू नका, त्यावरच सगळी माणुसकी टेकलेली आहे.

5. किती गैरहजेरी चालवून घ्यायची? 75 टक्के हजेरी ठेवली तर?

टक्के कागदावर चांगले दिसतात, हिशेबाला त्रास देतात. वर्षात 6 मीटिंगा असतील तर 75 टक्के म्हणजे साडेचार मीटिंगा, आता अर्धी मीटिंग कशी मोजायची? सरळ आकडा लिहा.

आणि नुसतं "लागोपाठ 3" ठेवलं तर पळवाट राहते. आमच्याकडे एक भाऊ होते, दोन मीटिंगा चुकवायच्या, तिसरीला यायचं, परत दोन चुकवायच्या. वर्षाच्या 12 पैकी 4 मीटिंगांना हजर, 8 ला नाही, आणि नियम मात्र एकदाही मोडला नाही. म्हणून दोन्ही लिहा, लागोपाठचा आकडा वेगळा आणि वर्षाचा वेगळा. वर्ष कोणतं तेही लिहा, एप्रिल ते मार्च की समिती बसल्यापासून 12 महिने, नाहीतर त्यावरही वाद होतो.

6. कोरम किती ठेवायचा? रिकाम्या जागा धरायच्या का?

निम्मे ठेवा. 13 ची समिती असेल तर 7. एक तृतीयांश ठेवला की मीटिंग सहज होते पण प्रश्न 1 मध्ये सांगितलं तेच होतं, मूठभर लोकांचा सल्ला.

रिकाम्या जागांचं आधीच लिहा. 13 पैकी दोन जण गाव सोडून गेले, उरले 11, तर निम्मे म्हणजे 7 च धरायचे की 6? माझं मत, प्रत्यक्ष असलेल्या सदस्यांवर मोजा, पण जागा 3 महिन्यांत भरायची अट टाका, नाहीतर रिकाम्या जागा तशाच ठेवून कोरम लहान लहान करत न्यायचा मोह होतो.

7. कोरमच झाला नाही, मीटिंग रद्द झाली. मग हजेरी कोणाची मांडायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक रजिस्टरांत इथंच चूक असते. मीटिंग झाली नाही म्हणून पान कोरं सोडतात. म्हणजे काय झालं? जे पाच जण काम सोडून आले त्यांची हजेरी बुडाली, आणि ज्यांच्यामुळे मीटिंग बुडाली त्यांच्या नावावर गैरहजेरी लागलीच नाही.

पान लिहायचं. तारीख, वेळ, कोण आलं त्यांच्या सह्या, अर्धा तास वाट पाहिली, कोरम नाही, मीटिंग तहकूब. आलेले हजर, न आलेले गैरहजर. तहकूब मीटिंग परत घेताना कोरमची अट नको असं बऱ्याच ठिकाणी ठेवतात, ते चालतं, पण मग विषय तेच जुने घ्यायचे, नवीन एकही नाही.

8. "मले कोणी सांगतलंच नाही" असं म्हणतात, काय करायचं?

आधी खरंच सांगितलं होतं का ते बघा. दरवेळी सदस्य खोटं बोलतो असं नसते. ग्रुपवर मेसेज टाकला, त्याच्यावर गुड मॉर्निंगचे चाळीस फोटो आले, मेसेज गेला वर. कोणाच्या घरी एकच फोन आणि तो पोराजवळ, पोरगं कॉलेजला तालुक्याच्या गावी.

नोटीस वहीवर घरोघरी सही घ्यायची जुनी पद्धत आहे, तीच मला सगळ्यात पक्की वाटते, ग्रामपंचायतीचा शिपाई दोन तासांत गाव फिरून येतो. मेसेज, दवंडी हे वरून. वहीत सही नसेल तर त्या मीटिंगची गैरहजेरी मोजायची नाही, हे नियमातच लिहा. असं लिहिलं की नोटीस देणाराही जागा राहतो.

9. कापूस वेचणीत कोणीच येत नाही. सीझनची सूट द्यावी का?

सूट देऊ नका, मीटिंगची वेळ बदला. सूट दिली की नोव्हेंबर ते जानेवारी समिती बंद, जूनमध्ये पेरणी म्हणून बंद, सोयाबीनच्या सोंगणीत बंद, भंडारा-गोंदियाकडे रोवणीत बंद, जंगलपट्ट्यात मोहफुलाच्या आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत बंद. राहिलं काय?

एक प्रसंग सांगतो. आमच्या समितीत एक काकू होत्या, भूमिहीन, मजुरीवर जाणाऱ्या. मीटिंग सकाळी 11 ला असायची कारण ग्रामपंचायतीचं ऑफिस तेव्हा उघडं असतं. वर्षभरात काकूंच्या नावापुढं सात गैरहजेऱ्या लागल्या. मी नियमाप्रमाणे नोटीस लिहिली आणि स्वतःच द्यायला गेलो, संध्याकाळची वेळ होती. काकू नुकत्याच वावरातून आल्या होत्या, कमरेची ओटी सोडायची बाकी होती, पदराला कापसाची पत्ती चिकटलेली, बोटांच्या पेरांवर बोंडांच्या टोकांनी ओरखडे. नोटीस त्यांनी पोरीकडून वाचून घेतली आणि म्हणाल्या, "भाऊ, मी कापूस वेचाले जाऊ का मीटिंगले येऊ? तिथं किलोवर पैसे भेटते." मला बोलता आलं नाही. वेचणीचे पैसे वजनावर असतात, अर्धा दिवस गेला की तेवढे किलो गेले. ऑफिसच्या सोयीनं वेळ आम्ही ठेवली होती आणि गैरहजेरी लिहिली त्यांच्या नावावर.

पुढच्या महिन्यापासून मीटिंग संध्याकाळी 7 ला शाळेच्या वऱ्हांड्यात घेतली. नंतरच्या वर्षभरात काकूंची एकच मीटिंग चुकली.

आठवडी बाजाराचा दिवस टाळा, पोळा आणि तान्हा पोळ्याचे दोन दिवस सोडा. रब्बीत शेतीची लाईट रात्रीची असेल तर ओलितवाल्यांना रात्री मीटिंग जमत नाही, त्या आठवड्याचं लाईटचं टाइमटेबल बघून दिवस ठरवा.

10. समितीत निम्म्या बायका आहेत पण मीटिंगला दोनच येतात. वेळ बदलूनही?

संध्याकाळी 7 ला मजुरीवरून आलेली बाई येऊ शकते, पण घरी लहान लेकरं आणि चूल असेल तिला तीच वेळ जड जाते. म्हणून एक वेळ सगळ्यांना सूट होत नाही, बायकांनाच विचारून ठरवा, आणि पुरुषांसमोर नाही, वेगळं विचारा. काही गावांत आलटून पालटून एक दुपारची, एक रात्रीची अशी ठेवतात.

दुसरं, आलेल्या बाईला बसायला जागा कुठं देता तेही बघा. खुर्च्या सगळ्या पुरुषांकडे आणि बाया दाराजवळ सतरंजीवर, विषय तिकडे ऐकूसुद्धा येत नाही, मग तिसऱ्यांदा ती कशाला येईल? कोरममध्ये "हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश महिला" अशी अट घालता येते, वनहक्काच्या ग्रामसभेला ती आहेच (प्रश्न 2). अट घातली की तिला बोलावायची जबाबदारी सगळ्यांवर येते.

11. ताईंच्या ऐवजी त्यांचे मिस्टर आले तर हजेरी लावायची का?

नाही. सदस्य ताई आहेत. मिस्टर येऊन बसले तर बसू द्या, ऐकू द्या, पण सही नाही, मत नाही आणि कोरममध्ये मोजणी नाही. रजिस्टरमध्ये मी असंही बघितलंय की बाईचं नाव, सही मात्र दर महिन्याला वेगळ्या वळणाची, एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. अशी सही घेणारा सचिवही तेवढाच जबाबदार. ताईंना सही येत नसेल तर अंगठा चालतो, बाजूला ओळखणाऱ्याची सही घ्या. सासऱ्याच्या जागी मुलगा, मोठ्या भावाच्या जागी धाकटा, सगळ्यांना हेच लागू.

12. सही करतात, चहा घेतात आणि निघून जातात. ही हजेरी धरायची?

दोन सह्या ठेवा, सुरुवातीला एक आणि शेवटी एक, दोन्ही असतील तरच हजर. उशिरा येणाऱ्याला 30 मिनिटांची मुभा ठेवा, एसटीचा भरवसा नसतो. मधेच अर्जंट जावं लागलं तर अध्यक्षांना सांगून जायचं आणि वेळेची नोंद करायची. चहा शेवटी द्या, एवढ्यानंही फरक पडतो.

13. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवर हजेरी चालते का?

नियमात लिहिलं असेल तर चालवा, पण हात आखडता ठेवून. वर्षात जास्तीत जास्त 2 वेळा, आणि पूर्ण वेळ लाईनवर असला तरच. आमच्याकडे नेटवर्क गच्चीवर गेल्याशिवाय मिळत नाही, तिकडून "हॅलो हॅलो" आणि इकडून "आवाज येऊन नाही राहिला", यातच विषय संपतो. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना ही सोय नाही, ते पण ध्यानात ठेवा. कोरम मात्र समोर बसलेल्यांवरच मोजा.

14. आजारपण, बाळंतपण, किंवा कामासाठी बाहेर जाणं, याला रजा द्यायची का?

द्यायची. रजा मागायला अर्ज-बिर्ज नको, सचिवाला मीटिंगच्या आधी फोन किंवा निरोप पुरे, सचिवानं रजिस्टरमध्ये "कळवून गैरहजर" असं लिहायचं. हजर, कळवून गैरहजर आणि न कळवता गैरहजर, हे तीन रकाने वेगळे पाहिजेत.

बाळंतपणाला 6 महिने सरळ लिहून टाका, मागायलाही लावू नका. कामासाठी दोन-तीन महिने नागपूर-पुण्याकडे गेलेला माणूस परत येणार असेल तर जागा ठेवा. पण कळवून म्हणून वर्षभर कोणी येतच नसेल तर? त्यालाही हद्द पाहिजे, आम्ही 12 पैकी 6 ठेवली होती. त्यापुढं त्या माणसाशी बसून बोलायचं की भाऊ, तुमच्याच्यानं जमून नाही राहिलं तर दुसऱ्याला संधी द्या. बहुतेक वेळा माणूस स्वतःच मोकळा होतो.

15. कृषी सहायक, आरोग्य सेविका हे सरकारी सदस्य आहेत आणि येतच नाहीत. त्यांना काढता येते का?

ते पदामुळे सदस्य आहेत, त्यांना आपण काढू शकत नाही. त्यांच्याकडे चार-पाच गावं असतात, त्यामुळे महिन्याचा दिवस त्यांना विचारून ठरवला तर अर्धं काम होतं. तरी नाही आले तर प्रत्येक गैरहजेरीची नोंद करा आणि तीन महिन्यांनी हजेरीची प्रत जोडून त्यांच्या वरिष्ठांना, आणि बीडीओ साहेबांना पत्र द्या. भाषा तक्रारीची नको, "मार्गदर्शनासाठी उपस्थिती आवश्यक आहे" एवढंच. बदली प्रतिनिधी पाठवायची मुभा फक्त यांनाच द्या. कोरममध्ये त्यांना मोजू नका, नाहीतर त्यांच्यामुळे गावाची मीटिंग अडते.

16. एका पार्टीच्या लोकांनी मीटिंगवर बहिष्कार टाकला. ही गैरहजेरी कशी मोजायची?

कळवून गैरहजर म्हणूनच मोजा, कारण त्यांनी कारण सांगितलंय, पण प्रश्न 14 मधली हद्द त्यांनाही लागू. त्यांचं पत्र आलं असेल तर प्रोसिडिंगमध्ये जसंच्या तसं वाचून दाखवा. बहुतेक बहिष्कार यासाठी असतो की आमचं म्हणणं लिहूनच घेत नाहीत. सल्लागार समितीत मतदान करून कोणाला पाडायची गरजच नसते, दोन मतं असतील तर दोन्ही लिहून ग्रामपंचायतीकडे पाठवा.

17. नियम करून सक्ती करण्यापेक्षा ज्याला यायचं त्यानं यावं, असं नाही का चालत?

चालतं, पण त्याची तयारी वेगळी लागते. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. तिथं अभ्यासगट बसतात, विषय समजून घेतात, चर्चा करतात, पण निर्णय ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनंच होतो. अभ्यासगट सल्ल्याच्या पुढं जात नाही, म्हणून तिथं कोण आलं नाही याची भीती नसते, शेवटी सगळं गाव बसणारच आहे. आपल्याकडे समितीची शिफारस परस्पर मासिक सभेत जाऊन ठराव होत असेल तर मोकळीक परवडत नाही.

18. शेवटी एखाद्याला काढायचंच ठरलं तर कसं?

घाई करू नका. आधी सचिवानं घरी जाऊन विचारायचं, कारण काय ते लिहून घ्यायचं (प्रश्न 9 मधला प्रसंग त्याचसाठी सांगितला). मग लेखी नोटीस, त्यात कोणत्या तारखांना आले नाहीत त्या सगळ्या तारखा. मग 15 दिवस. मग समितीपुढं बोलायची संधी. मग ग्रामपंचायतीच्या सभेत ठराव. यातली एक पायरी गाळली तरी तो माणूस म्हणेल की मला ऐकून घेतलं नाही, आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल.

ग्रामपंचायत सदस्य म्हणून जो समितीवर आहे त्याला समितीतून मोकळं करता येईल, पण त्याच्या ग्रामपंचायतीतल्या पदाला आपल्या नियमानं धक्का लागत नाही. तिथं कलम 40 आहे आणि वाद झाला तर कलेक्टरकडे जातो.

19. नियम आज केला, मागच्या वर्षीच्या गैरहजेऱ्या धरायच्या का?

नाही. ठराव झाला त्याच्या पुढच्या मीटिंगपासून. मागचं धरलं की नियम एका माणसासाठी केला हे सगळ्या गावाला कळतं.

20. अध्यक्षच येत नसेल तर?

त्यालाही तोच नियम, हे शब्दात लिहा. अध्यक्ष अर्ध्या तासात आला नाही तर हजर सदस्यांनी त्या दिवसापुरता एक जण निवडून मीटिंग चालू करायची, हेही लिहा. अध्यक्ष सरपंच असेल तर कोणी बोलत नाही, म्हणून हे पहिल्या दिवशीच, सगळे गोडीत असताना करून घ्यावं.

21. मजुरी बुडते, भत्ता देता येईल का?

निधी असेल आणि ग्रामपंचायतीनं नियमात बसवून मंजूर केला असेल तरच, ग्रामसेवकांना विचारल्याशिवाय कबूल करू नका. 2025-26 मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती, दिवसा मीटिंग म्हणजे मजुराला एवढा फटका धरून चाला. भत्ता देता येत नसेल तर दिवसाची मीटिंग घेऊ नका.

22. हजेरी रजिस्टर लोकांना दाखवायचं का? काही सदस्य नको म्हणतात.

दाखवायचं. ग्रामपंचायतीचं रेकॉर्ड आहे, माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज केला की 30 दिवसांत द्यावंच लागतं. त्यापेक्षा दर तीन महिन्यांनी हजेरीचा तक्ता ऑफिसच्या बोर्डावर लावा. फक्त आजारपणाची, घरगुती कारणं तिथं लिहू नका, "कळवून गैरहजर" पुरे.

23. सगळं केलं, नियम केला, वेळ बदलली, तरी हजेरी वाढत नाही. आता?

मग समितीनं दिलेल्या शिफारशींचं काय झालं ते काढा. आमच्या समितीनं उन्हाळ्याआधी कळवलं होतं की वरच्या वस्तीतल्या हातपंपाची दुरुस्ती पहिल्यांदा करा. पत्र गेलं, पोच मिळाली, मे महिना गेला, उत्तर नाही. जूनच्या मीटिंगला 13 पैकी 5 आले. एका दादांनी सरळ सांगितलं, "आमचं ऐकून कोण राहिलं, मंग बसून काय करू?"

त्यानंतर आम्ही अजेंड्यात पहिला विषय कायमचा ठेवला: मागच्या शिफारशींवर ग्रामपंचायतीनं काय केलं. सरपंच किंवा ग्रामसेवक स्वतः येऊन सांगतील, झालं असेल तर कधी, नसेल झालं तर का. पहिल्यांदा सरपंचताई कागद घेऊन आल्या तेव्हा नऊ जण होते. हातपंपाचा पाईप त्याच आठवड्यात बदलला, पुढच्या मीटिंगला अकरा आले, त्यात वरच्या वस्तीतल्या दोघी पहिल्यांदाच.